घंटा वाजली की उठायचं

कॅथलीन नॉरिस ही अमेरिकी कवयित्री १९७४ साली न्यू यॉर्क सोडून नवऱ्यासह साउथ डाकोटातल्या लेमन या गावी राहायला गेली. छोटंसं गाव, भोवती नजर पोहोचेल तिथवर माळरान आणि आजी-आजोबांचं मागे राहिलेलं घर. न्यू यॉर्कला ती कवींच्या एका संस्थेत काम करत होती, ऊठबस लेखक-कलावंतांत होती आणि चर्चला जाणं तिने केव्हाच सोडलं होतं. लेमनला आजीचं प्रेस्बिटेरियन चर्च होतं. तिथे ती पुन्हा जाऊ लागली, पण मन रमेना. शंका पाठ सोडेनात. अशी ही प्रॉटेस्टंट, विवाहित, स्वतःच्या श्रद्धेबद्दल साशंक असलेली बाई पुढे कॅथलिक संन्याशांच्या मठात जाऊन बसू लागली. १९८६ साली ती नॉर्थ डाकोटातल्या रिचर्डटन इथल्या असम्पशन अ‍ॅबीची ओब्लेट झाली. ओब्लेट म्हणजे घरसंसार न सोडता मठाच्या नियमाशी स्वतःला बांधून घेतलेला गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ घालून शेती सांभाळणाऱ्या वारकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

लोक मठात शांततेसाठी जातात, असं आपण धरून चालतो. पण शांतता डाकोटाच्या माळावर हवी तेवढी होती. त्यासाठी मठाची पायरी चढायची गरज नव्हती. नॉरिसची ‘डाकोटा’ (१९९३) आणि ‘द क्लॉइस्टर वॉक’ (१९९६) ही पुस्तकं वाचताना माझी खात्री होत गेली, की तिला मठात मिळालं ते वेळापत्रक, आणि ते पाळायला सोबतीला असलेली माणसं. तिच्या मनाला नवी पालवी फुटली ती यातूनच.

हे वेळापत्रक दीड हजार वर्षांचं आहे. इटलीतल्या नर्सियाचा बेनेडिक्ट (जन्म सुमारे ४८०) रोममधलं शिक्षण अर्ध्यावर टाकून सुबियाकोच्या एका गुहेत जाऊन राहिला. पुढे सुमारे ५२९ साली त्याने मॉन्ते कासिनोच्या डोंगरावर मठ उभारला आणि एकत्र राहणाऱ्या माणसांसाठी ७३ छोट्या प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्यात कठोर तपश्चर्येचा सोस जवळजवळ नाही. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना. मधल्या वेळात अंगमेहनत, वाचन, जेवण, झोप. मठाच्या कोठारातली भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांइतक्याच काळजीने हाताळावीत, असं त्यात आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्त आला असं मानून करावं, असंही आहे. मला सर्वांत भावतात त्या माणसाच्या दुबळेपणाला दिलेल्या सवलती. संन्याशाने मद्य घेऊच नये हे खरं, पण आजकालच्या संन्याशांना ते पटत नाही, तेव्हा निदान बेताने घ्या, असं बेनेडिक्ट लिहितो. रात्रीच्या प्रार्थनेचं सुरुवातीचं एक स्तोत्र सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा उठणाऱ्यांना येऊन पोहोचायला वेळ मिळेल, अशीही सूचना आहे. हे लिहिणाऱ्याने माणसं जवळून पाहिली होती.

या प्रार्थनेचा गाभा म्हणजे बायबलमधली स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रं आठवड्यात एकदा पुरी व्हावीत, असा मूळ नियम. आज बरेच मठ तीच स्तोत्रं दोन किंवा चार आठवड्यांत विभागून म्हणतात. संन्यासी समोरासमोर दोन बाजूंना उभे राहतात. एक कडवं या बाजूचं, पुढचं त्या बाजूचं. ओळीच्या मध्यावर सगळे थांबतात, श्वास घेतात, मग उरलेली अर्धी ओळ म्हणतात. नवखा माणूस या जागी हमखास पुढे धावतो. आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळायला त्याला काही दिवस लागतात.

मिनेसोटातल्या कॉलेजव्हिल इथे सेंट जॉन्स अ‍ॅबी हा १८५६ पासूनचा मोठा बेनेडिक्टाइन मठ आहे. तिथल्या अभ्यास-संस्थेत नॉरिस दोनदा प्रत्येकी नऊ महिने राहिली आणि संन्याशांबरोबर प्रार्थनेला बसली. स्तोत्रांमध्ये स्तुती आहे, तसा आक्रोश आहे, देवावरचा राग आहे आणि शत्रूचा निःपात व्हावा म्हणून घातलेले शापही आहेत. रविवारच्या चर्चमध्ये यातलं सोयीचं तेवढंच कानावर पडतं. मठात काहीच गाळत नाहीत. यिर्मयासारख्या संदेष्ट्याचा ग्रंथही रोज थोडा थोडा मोठ्याने वाचला जातो, ऐकवत नसला तरी. तुम्ही आनंदात असाल त्या दिवशी विलापाचं स्तोत्र वाट्याला येतं. तुम्ही खचलेले असाल त्या दिवशी स्तुतीचं. आज मला काय वाटतंय, याला तिथे फारसं महत्त्व नाही. जी भावना आज माझी नाही, ती शेजारच्या बाकावरच्या कुणाची तरी असते. त्या माणसासाठी मी म्हणायचं. स्वतःच्या मनःस्थितीचा पहारा करून थकलेल्या माणसाला यात केवढा मोकळेपणा मिळत असेल! आणि शंका? नॉरिसने आपल्या शंका संन्याशांपुढे मांडल्या तेव्हा ते दचकले नाहीत. शंकेला त्यांनी श्रद्धेचं बीज मानलं, हे तिने लिहून ठेवलं आहे.

मठ म्हणजे मनाचं आरामस्थान, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. चौथ्या शतकातला इजिप्तच्या वाळवंटातला साधू इव्हाग्रिअस याने एका व्याधीचं वर्णन केलं आहे: भर दुपारी ती येते, सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, खोली नकोशी होते, सोबती नकोसे होतात. तिचं नाव अकेडिया. कशाचीच आस्था न वाटणं. नॉरिसने या व्याधीवर २००८ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तिच्या नवऱ्याचं दीर्घ आजारपण आणि २००३ मधला त्याचा मृत्यूही आला आहे. या व्याधीवर जुन्या साधूंचा उपाय साधा होता: जागा सोडू नका, हातातलं काम करा, वेळ झाली की प्रार्थनेला उभे राहा.

मठातले पहिले दिवसही जड जातात, हे आणखी एकाने लिहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर जर्मन सेनापतीला पळवून नेणारा इंग्रज लेखक पॅट्रिक ली फर्मर युद्धानंतर नॉर्मंडीतल्या सेंट वान्द्रिल या बेनेडिक्टाइन मठात गेला, तो पुस्तक लिहायला निवांत जागा हवी म्हणून. देवाच्या शोधात नव्हे. सुरुवातीला त्याला घोर उदासीने घेरलं. रात्री झोप येईना, दिवसा डोळे उघडेनात. मग तो गाढ आणि भरपूर झोपला, आणि त्यानंतर पाच तासांच्या झोपेत ताजातवाना होऊ लागला. मठ सोडून पॅरिसला परतताना जाहिरातींचे फलकही त्याला सोसवेनात. श्रद्धा नसलेल्या माणसावरही या दिनक्रमाचा असा परिणाम होतो, म्हणून त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नियमावली माणसाला आपोआप सज्जन करत नाही. सेंट जॉन्समधल्याच काही संन्याशांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, खटले झाले, आणि २०१३ साली मठाने अशा संन्याशांची नावं जाहीर केली. ज्यांनी तिथे भोगलं, त्यांना विसरून मठाची थोरवी गाणं अन्यायाचं होईल. नॉरिसला जे लाभलं ते खरं आहे. हेही तितकंच खरं आहे.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. तमिळनाडूत कुळित्तलैजवळ कावेरीकाठी शांतिवनम् आश्रम आहे. तो १९५० साली जूल मोंशानँ आणि आंरी ल सो या फ्रेंच धर्मगुरूंनी सुरू केला. यातले ल सो बेनेडिक्टाइन. अभिषिक्तानंद या नावाने ते ओळखले गेले आणि १९७३ साली इंदूरला वारले. त्यांच्या हयातीतच, १९६८ मध्ये, त्यांच्या जागी आलेले इंग्रज बेनेडिक्टाइन बीड ग्रिफिथ्स १९९३ मधल्या मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. भगवी वस्त्रं, जमिनीवरची बैठक आणि तमिळ भजनं, स्तोत्रांबरोबर उपनिषदांचंही वाचन, असा रिवाज या मंडळींनी तिथे रुजवला.

बेनेडिक्टाइन मठांची अतिथीगृहं सहसा सर्वांना खुली असतात. कुणाला जावंसं वाटलं तर दोन दिवसांसाठी जाऊ नये. निदान आठवडा काढावा, आधी पत्र पाठवून विचारावं, आणि तिथे असेपर्यंत एकही प्रार्थना चुकवू नये.