ट्यूबमागची बारीक अक्षरं

परवा भाचीने एक क्रीम आणलं. खोक्यावर केशराच्या काड्यांचं मोठं चित्र. "मावशी, यात केशर आहे, म्हणून तर एवढं महाग!" मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही मागची यादी वाचली. पाणी, ग्लिसरीन, सिटिअरिल अल्कोहोल, पुढे फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्याच्याही मागे क्रोकस सटायव्हस. हे केशराचं शास्त्रीय नाव.

जे सर्वांत जास्त ते आधी, असा या यादीचा नियम. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल क्रीम टिकावं म्हणून घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. म्हणजे त्याच्या मागे आलेलं केशर 50 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये फार तर अर्धा ग्रॅम, तोही बहुधा पातळ केलेला अर्क. किंमत केशराची नव्हती.

म्हणून शेवटचं सगळंच बिनकामाचं, असंही समजू नका. रेटिनॉल अर्ध्या टक्क्यातही काम करतं. निआसिनमाइड साधारण 2 ते 5 टक्के लागतं, ते तळाशी दिसलं तर मी पैसे देणार नाही.

भाचीला अल्कोहोल शब्दाचीही धास्ती वाटली. सिटिल आणि सिटिअरिल अल्कोहोल मेणासारखे असतात, त्वचा मऊ ठेवतात. कोरडी पाडतं ते 'अल्कोहोल डिनॅट', आणि तेही यादीत वरच्या बाजूला असेल तर. 'केमिकल-फ्री' हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. यादीतलं पहिलं पाणीसुद्धा रसायनच आहे. नैसर्गिक म्हणजे सौम्य, हेही खरं नाही. लिमोनिन आणि लिनालूल लिंबाच्या, लव्हेंडरच्या तेलातूनच येतात, आणि काहींना त्यांनीच पुरळ उठतं. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी 'परफ्यूम' हा शब्द आधी शोधावा. त्या एका शब्दामागे कितीतरी सुगंधी द्रव्यं असू शकतात.

मला खरी काळजी वाटते ती आठवड्यात गोरं करणाऱ्या क्रीमची. मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टिरॉइडचं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते चेहऱ्याला लावायचं नाही. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो. मैत्रिणीने दिलं, पार्लरमध्ये मिळालं, असं म्हणत मुली ते महिनोन्‌महिने लावतात.

अशा काही क्रीममध्ये असणारा पारा मात्र यादीत कोणी लिहीत नाही. तो मूत्रपिंडांना इजा करतो. त्यामुळे ज्या डबीवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, ती भाचीच्या हातातून मी सरळ काढून घेईन.