भायखळ्याचं जुनं-नवं दालन

बडनेऱ्याहून रात्रीच्या अंबा एक्स्प्रेसने निघालं की सकाळी दादर. तिथून लोकलने भायखळा गाठायचं. राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा वऱ्हाडचा कापूसही आमच्याच स्टेशनावरून मुंबईला जात होता. म्हणून ही इमारत मला परकी वाटत नाही.

माझा पाय अडतो तो मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी. जातीजातींची पागोटी, कारागिरांची हत्यारं, बसण्याची ढब; मुंबई घडवणारे कष्टकरी इथे कपाटात उभे आहेत. राजांच्या तलवारींपेक्षा मला हे मोलाचं वाटतं. संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते भाऊ दाजी स्वतः डॉक्टर, पण अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे.

दुरुस्तीनंतर २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडलं आणि आजच्या कलावंतांनाही दार मोकळं झालं. २०११ साली जितीश कल्लाट यांनी, पुढे अतुल दोडिया यांनी याच जुन्या वस्तूंच्या सोबतीला आपली कामं मांडली. जुन्या कपाटाशेजारी नवं काम पाहिलं की दोन्हींकडे नीट लक्ष जातं.

मुंबईला लग्नकार्याला जाल तेव्हा अर्धा दिवस राखून ठेवा, पोरांनाही न्या. बुधवारी मात्र संग्रहालय बंद असतं.