खोलीचा सूर

रविवारी चर्चमध्ये वाचनाला उभी राहिले, की सूचना ठरलेली असते: "सावकाश वाच, आवाज घुमतो." घाई केली तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि मागच्या बाकांवर काहीच कळत नाही. त्यात मी 'प' वर अडखळते. म्हणून घुमणं म्हणजे अडचण, असंच मला वाटायचं.

मग ॲल्विन लुसिए या अमेरिकन संगीतकाराची १९६९ मधली रचना ऐकली: 'आय ॲम सिटिंग इन अ रूम'. यात वाद्य नाही. एक माणूस खोलीत बसून आपण काय करणार आहोत ते सांगतो आणि ते टेपवर घेतो. ती टेप त्याच खोलीत लावून परत रेकॉर्ड करतो. मग ते नवं रेकॉर्डिंग पुन्हा लावतो. १९८० च्या रेकॉर्डिंगमध्ये असे ३२ टप्पे आहेत; ऐकायला सुमारे पाऊण तास लागतो.

सुरुवातीला शब्द स्पष्ट असतात. हळूहळू ते धूसर होतात. शेवटी काचेच्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवावं तसे लांब, तरंगते सूर उरतात.

हे कशामुळे होतं? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ५ मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये ये-जा करताना स्वतःशीच जुळणारी सर्वांत खालची वारंवारता ३४ हर्ट्झच्या आसपास असते. मग तिची दुप्पट, तिप्पट वगैरे. खोली हे सूर उचलून धरते, बाकीचे विरतात. एका फेरीत हा फरक कानाला जाणवतही नाही. पण एखादा सूर दर फेरीत दुसऱ्यापेक्षा १० टक्के जास्त टिकला, तर ३० फेऱ्यांनंतर तो १७ पट पुढे गेलेला असतो! चक्रवाढ व्याजच म्हणा ना.

आज टेपऐवजी लॅपटॉप वापरून हे श्रोत्यांसमोर थेट करता येतं. मग श्रोतेसुद्धा रचनेचा भाग होतात, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषून घेतात. रिकामा हॉल आणि भरलेला हॉल वेगळे गातात.

आता साहित्याच्या विद्यार्थिनीला यात काय मिळालं? लुसिए बोलताना अडखळत असत. आपल्या बोलण्यातले खाचखळगे या प्रयोगात गुळगुळीत होतील, असं ते त्या निवेदनातच म्हणतात. शब्द खरंच वितळतात, पण बोलण्याची लय बराच वेळ टिकते. कुठे थांबले, कुठे अडकले, ते शब्द हरवल्यावरही जाणवत राहतं. म्हणजे अर्थ आधी गेला आणि ज्याला आपण दोष म्हणतो, तेच मागे राहिलं.

पुढच्या बैठकीत करून बघू या का? एक फोन, एक स्पीकर आणि आपला हॉल पुरे. दोन्हींच्या जागा हलवायच्या नाहीत. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवायची, नाहीतर ती खोलीचा आवाजच पुसून टाकेल. आणि मधे कुणी बोलायचं नाही.

वाचायला मी तयार आहे. 'प' वर अडखळले, तर तेही रेकॉर्ड होऊ दे.