कापसाची मोटार

कापसापासून वस्त्र होते, वात होते, गादी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच कापसापासून मोटारीचे दार आणि छप्परही झाले, असे सांगितले तर ऐकणारा हसेल. पूर्व जर्मनीतील त्स्विकाउ या शहरी मात्र हे खरोखर घडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारीस लागणाऱ्या पातळ पोलादी पत्र्याची फार टंचाई होती. तेव्हा तंत्रज्ञांची दृष्टी वळली ती सोव्हिएत संघातून येणाऱ्या टाकाऊ कापसाकडे! सन १९५७ मध्ये ‘ट्राबांट’ ही लहान मोटार तयार होऊ लागली. तिचा सांगाडा पोलादाचाच होता. वरचे आवरण मात्र कापूस व फिनॉलची राळ यांचे होते.

राळ नुसतीच घट्ट केली, तर ती ठिसूळ होते. आघात होताच तडकते. मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडविताना त्यात गवत मिसळतात, ते भिंतीस तडे जाऊ नयेत म्हणून. राळेत कापसाचे तंतू हेच काम करीत.

पिंजलेल्या कापसाच्या थरांत राळेची भुकटी पसरीत. अशा अनेक थरांची जाड गादी कापून ती तापविलेल्या पोलादी साच्यात ठेवीत. साच्याचा वरचा भाग प्रचंड दाबाने खाली येई. उष्णतेने राळ प्रथम पातळ होऊन तंतूतंतूंत शिरे आणि मग त्याच उष्णतेने कायमची घट्ट होई. मेण तापविले की वितळते, निवाले की गोठते, पुन्हा तापविले की पुन्हा वितळते. ही राळ तशी नव्हे. ती कुंभाराच्या मडक्यासारखी. एकदा भाजली की पुन्हा चिखल होणे नाही!

दाबाखाली पत्र्याला आकार येण्यास काही क्षण पुरतात. येथे प्रत्येक भागास कित्येक मिनिटे लागत. लोक ट्राबांटला थट्टेने पुठ्ठ्याची मोटार म्हणत. ही थट्टा अन्यायाचीच होती, कारण ते आवरण मजबूत होते आणि त्याला गंज ठाऊक नव्हता. सन १९९१ पर्यंत अशा तीस लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या.

दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा लोकांनी या मोटारी टाकून दिल्या. पोलादी सांगाडे भट्टीत वितळविता आले. कापसाची दारे मात्र वितळेनात, कुजेनात. जाळावी, तर विषारी धूर निघे. ती कोठे ठेवावी, हा नवाच प्रश्न उभा राहिला.