अखेरच्या षटकांतील गोलंदाजीचे मूल्यमापन

वीस षटकांच्या क्रिकेट सामन्यात डावाच्या शेवटच्या चार षटकांत, म्हणजे सतराव्यापासून विसाव्यापर्यंत, गोलंदाजी करणाऱ्या खेळाडूची कामगिरी आकड्यांवरून पारखण्याची पद्धती. मराठी क्रीडावृत्तांत या षटकांना ‘हाणामारीची षटके’ असे म्हणतात. हातात गडी शिल्लक असलेला फलंदाज या वेळी बाद होण्याची तमा न बाळगता टोलेबाजी करतो. त्यामुळे धावा आणि बळी दोन्ही वेगाने पडतात. डावाच्या इतर भागांसाठी उपयोगी पडणारी मोजमापे येथे फसवी ठरतात, ती या कारणाने. इंडियन प्रीमिअर लीग (आयपीएल) ही स्पर्धा 2008 मध्ये सुरू झाल्यापासून आणि फँटसी क्रिकेट या नावाने ओळखला जाणारा कल्पित संघांचा खेळ लोकप्रिय झाल्यापासून या मूल्यमापनास व्यावहारिक महत्त्व आले. विशेषतः हंगामाच्या उत्तरार्धात, शेवटच्या काही सामन्यांच्या आकड्यांवरून गोलंदाज निवडण्याची प्रवृत्ती दिसून येते. ती कितपत ग्राह्य आहे, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : या प्रश्नाचा उगम अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आढळतो [→ बेसबॉल]. त्या खेळात सुरुवातीचा चेंडूफेक्या थकला की त्याच्या जागी बदली चेंडूफेक्या येतो. संघाची निसटती आघाडी अखेरपर्यंत टिकवणाऱ्यास ‘सेव्ह’ हे श्रेय मिळते. जेरोम होल्टझमन या शिकागोच्या क्रीडापत्रकाराने ही कल्पना मांडली व 1969 पासून ती अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाली. डॅनिएल ओक्रेंट व त्याच्या मित्रांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या ‘रोटिसरी’ खेळात, म्हणजे आजच्या कल्पित संघांच्या खेळाच्या पूर्वरूपात, ‘सेव्ह’ला स्वतंत्र स्थान होते. मात्र सेव्ह मिळवण्यासाठी आधी संधी मिळावी लागते. संघ मोठ्या फरकाने जिंकत किंवा हरत असेल, तर उत्तम बदली चेंडूफेक्याच्या खात्यावरही काही जमा होत नाही. क्रिकेटमधील विसाव्या षटकाच्या गोलंदाजाची स्थिती बरीचशी अशीच असते. प्रतिस्पर्ध्याने एकोणिसाव्या षटकातच लक्ष्य गाठले, तर त्याचे राखून ठेवलेले षटक वापरलेच जात नाही.

बळी व धावगती : गोलंदाजाची दोन ढोबळ मोजमापे म्हणजे बळींची संख्या आणि षटकामागे दिलेल्या धावा. अखेरच्या षटकांत ही दोन्ही नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. आयपीएलच्या 2024 च्या हंगामात हर्षल पटेलने सर्वाधिक, म्हणजे 24 बळी घेतले. परंतु षटकामागे 9.73 धावा दिल्या. त्याच हंगामात जसप्रीत बुमराहने 20 बळी घेताना षटकामागे अवघ्या 6.48 धावा दिल्या. कल्याणच्या तुषार देशपांडेने 2023 मध्ये चेन्नई सुपर किंग्जकडून 21 बळी मिळवले, पण त्याची धावगती 9.92 होती. अशा आकड्यांवरून गोलंदाज स्वैर आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. कर्णधार ज्याला सर्वांत कठीण षटके देतो, त्याची धावगती चढतेच. उलट मधल्या षटकांत चेंडू टाकणाऱ्याची ती आपोआप आटोक्यात राहते. म्हणून प्रत्येक गोलंदाजाची तुलना त्याच टप्प्यात गोलंदाजी करणाऱ्या इतरांशीच केली पाहिजे. 2023 पासून राखीव खेळाडू डावात उतरवण्याची मुभा मिळाल्यामुळे फलंदाजी लांबली. त्यापूर्वीच्या हंगामांतील धावगतीही जशीच्या तशी पुढे वापरता येत नाही.

संख्या किती अपुरी पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 12 मे 2019 रोजी हैदराबाद येथे झालेला अंतिम सामना. मुंबई इंडियन्सच्या लसिथ मलिंगाने पहिल्या तीन षटकांत 42 धावा दिल्या होत्या. त्यांपैकी 20 एकट्या सोळाव्या षटकात गेल्या होत्या. तरीही शेवटचे षटक त्याच्याकडेच सोपवण्यात आले. चेन्नईला 9 धावा हव्या होत्या. मलिंगाने 7 दिल्या, शेवटच्या चेंडूवर शार्दूल ठाकूरला पायचीत केले व मुंबईने सामना एका धावेने जिंकला. धावफलकावर मात्र 4 षटकांत 49 धावा व 1 बळी एवढीच नोंद राहिली. एका बळीस 25 गुण, पायचीत वा त्रिफळाचीत केल्यास आणखी 8, षटकामागे 12 हून अधिक धावा दिल्यास 6 गुण वजा आणि 5 हून कमी दिल्यास 6 गुण अधिक, असा हिशेब केला तर मलिंगाला 27 गुण मिळतात. त्याच डावात 14 धावांत 2 बळी घेणाऱ्या बुमराहला 56. बुमराह सामन्याचा मानकरी ठरला व तो योग्यच होता. पण सामना कोणत्या सहा चेंडूंवर फिरला, हे गुणांवरून कळत नाही.

अल्प नमुन्याची अडचण : साखळी स्पर्धेत संघाचे 14 सामने होतात. अखेरच्या टप्प्यात एका गोलंदाजाला सामान्यतः दोन षटके मिळतात, म्हणजे पाच सामन्यांत 60 चेंडू. त्याची दीर्घकालीन क्षमता दर 12 चेंडूंमागे एक बळी अशी धरल्यास 60 चेंडूंत सरासरीने 5 बळी अपेक्षित असतात; पण प्रमाण विचलन 2.1 इतके असते. याचा अर्थ असा की, कौशल्यात तिळमात्र फरक न पडताही बळींची संख्या सुमारे तीन-चतुर्थांश वेळा 3 ते 7 यांच्या दरम्यान कोठेही असू शकते आणि उरलेल्या वेळा त्याहूनही बाहेर जाते. तीन बळींचा ‘सूर हरवलेला’ गोलंदाज व सात बळींचा ‘भरात आलेला’ गोलंदाज हे एकच असू शकतात. धावांचेही तसेच. दहा षटकांपैकी एका षटकात 8 ऐवजी 20 धावा गेल्या, तर धावगती 1.2 ने वाढते. एखादा सुटलेला झेल किंवा बॅटची कड घेऊन गेलेला चौकारही त्यास पुरेसा होतो.

यावर साधा उपाय म्हणजे अलीकडचे आकडे जुन्या आकड्यांत मिसळून पाहणे. समजा, एखाद्याने आधीच्या 100 षटकांत अखेरच्या टप्प्यात षटकामागे 10 धावा दिल्या असून शेवटच्या 10 षटकांत 8 दिल्या आहेत. एकत्रित धावा 1,080 व षटके 110. म्हणजे धावगती 9.82. सुधारणा खरी असली, तरी तिचे माप इतकेच धरणे शहाणपणाचे होय. अपवाद एकच : बदलामागे दिसून येणारे कारण असेल, उदा., दुखापतीतून सावरलेला खांदा किंवा नव्याने साधलेला मंदगती चेंडू, तर अलीकडच्या आकड्यांना अधिक वजन द्यावे लागते. असे कारण आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी सामना पाहावा लागतो.

परिस्थितीचे घटक : हंगामाच्या शेवटी परिस्थितीच पालटते. बाद फेरीत पोहोचलेले संघ प्रमुख गोलंदाजांना विश्रांती देतात, तर स्पर्धेबाहेर गेलेले संघ नवोदितांना संधी देतात. त्यामुळे पूर्वीच्या फलंदाजांविरुद्ध मिळालेले बळी व नंतरचे बळी सारख्या प्रतीचे नसतात. रात्रीच्या सामन्यात दव पडल्यास ओला चेंडू हातातून निसटतो व यॉर्कर टाकणे कठीण होते. म्हणून पहिल्या व दुसऱ्या डावांतील आकडे वेगळे मांडणे इष्ट असते. मैदानाचा परिणाम वेगळा काढणे त्याहून अवघड. या दृष्टीने 2022 चा हंगाम अभ्यासकांना विशेष सोयीचा आहे : करोनाच्या साथीमुळे त्याचे सर्व 70 साखळी सामने महाराष्ट्रातील चार मैदानांवर झाले. वानखेडे व नेरूळ येथील डी. वाय. पाटील या मैदानांवर प्रत्येकी 20, तर ब्रेबर्न व पुणे येथे प्रत्येकी 15 सामने खेळले गेले. घरचे मैदान हा लाभ त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला व गोलंदाजांची परस्परांशी तुलना इतर हंगामांपेक्षा अधिक निर्दोष झाली.

नेरूळच्या याच मैदानावर 1 जून 2008 रोजी आयपीएलचा पहिला अंतिम सामना शेवटच्या चेंडूपर्यंत रंगला होता. लक्ष्मीपती बालाजीच्या विसाव्या षटकात हव्या असलेल्या 8 धावा राजस्थान रॉयल्सने काढल्या. उत्तरेकडील बोनकोडे, कोपरखैरणे, घणसोली या आगरी-कोळी वस्तीच्या गावांत टेनिस चेंडूने मोजक्या षटकांचे सामने खेळण्याची हौस मोठी आहे. इतक्या आखूड सामन्यात प्रत्येकच षटक हाणामारीचे असते, त्यामुळे धावगतीवरून गोलंदाज पारखणे तेथे जवळपास निरर्थक ठरते. निर्धाव चेंडू किती टाकले, हीच त्यातल्या त्यात विश्वसनीय कसोटी होय.

कौशल्य की दैव : कल्पित संघांच्या खेळात प्रवेशशुल्क आकारून बक्षिसे दिली जाऊ लागल्यावर या प्रश्नाला कायदेशीर बाजूही आली. मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2019 च्या निर्णयात मुंबईस्थित ‘ड्रीम 11’चा खेळ प्रामुख्याने कौशल्याचा असल्याचे मान्य केले. दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास करून संघ निवडणारा अनेक स्पर्धांच्या अंती इतरांपेक्षा सरस ठरू शकतो, हे गणिताने पटते. पण एका सामन्यातील बारा चेंडूंवर पैसे लावणाऱ्याच्या वाट्याला कौशल्यापेक्षा दैवच अधिक येते, हेही त्याच गणिताने पटते. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ‘ड्रीम 11’ने त्याच महिन्यात सशुल्क स्पर्धा बंद करून विनामूल्य स्पर्धा चालू ठेवल्या.