डिस्क बसली, म्हणजे जुळली?

डेस्कटॉपमध्ये नवी डिस्क बसवणं घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे आणि ते लोकांनी स्वतः जरूर करावं, असं माझं ठाम मत आहे. एक स्क्रूड्रायव्हर आणि मदरबोर्डची पुस्तिका एवढं हाताशी असलं की पुरे. घात होतो तो बहुधा एकाच समजुतीने: प्लग खाचेत बसला, म्हणजे जोडणी बरोबर झाली.

या समजुतीची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, केबलमुळे. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दोन्ही बाजूंनी निघतात. ‘एसएमपीएस बदलला तरी जुनी केबल चालेल, प्लग तर तोच आहे,’ असं अनेकांना वाटतं. डिस्कच्या बाजूचा साटा पॉवर कनेक्टर खरोखरच प्रमाणित आहे: 15 पिन, त्यांवर 3.3, 5 आणि 12 व्होल्ट, सगळीकडे याच क्रमाने. पण एसएमपीएसच्या बाजूला कोणत्या पिनवर किती व्होल्ट द्यायचे, याचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. तो क्रम कंपनीगणिक बदलतो, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतो. अशी परकी केबल सहज आत जाते आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट पोहोचले, तर बटण दाबताक्षणी त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एकदम जळू शकतात. नंतर दुसरा सर्किट बोर्ड लावून भागेल या आशेवर राहू नका. आजच्या हार्ड डिस्कच्या बोर्डवर त्याच डिस्कपुरती जुळवलेली माहिती साठवलेली असते. वॉरंटीत नवी डिस्क मिळेल, आतले फोटो मिळणार नाहीत. म्हणून एसएमपीएस बदलताना त्याच्यासोबत जुन्या केबलही काढाव्यात आणि नव्याच्या डब्यातल्याच लावाव्यात.

एम डॉट टू या चपट्या एसएसडीबाबतही हेच घडतं, फक्त तिथे काही जळत नाही. एम डॉट टू हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब. या एकाच आकारात साटा एसएसडीही येते आणि कितीतरी वेगवान एनव्हीएमईही. साटाचा वेग सेकंदाला साधारण 550 एमबीपाशी थांबतो. स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल, तर त्यात साटा एसएसडी बसते, स्क्रूही लागतो आणि संगणकाला ती दिसतच नाही. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते: काही मदरबोर्डवर एखादा एम डॉट टू स्लॉट वापरात आला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. कालपर्यंत चालणारी जुनी हार्ड डिस्क आज गायब झाली, तर ती बिघडली असं ठरवण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहा.

हार्ड डिस्क आडवीच ठेवावी लागते, हा समज निराधार आहे. आडवी, उभी, दोन्ही चालतात. ती कॅबिनेटमध्ये सैल राहता कामा नये, कारण फिरत्या डिस्कला कंपन सोसत नाही. साडेतीन इंची डिस्कचे आणि अडीच इंची एसएसडीचे स्क्रू मात्र वेगळे असतात. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

‘नवी डिस्क दिसत नाही, म्हणजे खराब निघाली.’ दुकानात परत जाण्याआधी बायोसमध्ये पाहा. तिथे नाव दिसत असेल, तर डिस्क ठीक असण्याचीच शक्यता जास्त. कोऱ्या डिस्कवर विभागणीचा तक्ताच नसतो, म्हणून विंडोज तिला ड्राइव्हचं अक्षर देत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती इनिशियलाइझ करावी लागते. तिथे तक्त्याच्या दोन प्रकारांपैकी जीपीटी निवडा, कारण दुसरा, एमबीआर, नेहमीच्या डिस्कवर साधारण 2 टीबीपलीकडे पोहोचत नाही आणि 4 टीबीच्या डिस्कमधली निम्मी जागा वाया जाते. 1 टीबीऐवजी 931 जीबी दिसले, तर कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

हेच इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट विचारणारी चौकट जुन्या, भरलेल्या डिस्कवर उघडली, तर होकार देऊ नका. रद्द करा, संगणक बंद करा, केबल बदलून पाहा. तरीही तेच आलं, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू देऊ नका.