बाळंतिणीची साखर आणि बेचाळिसावा दिवस

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून गरोदरपणात आईची साखर वाढली की बाळाचं स्वादुपिंड पोटातच जादा इन्सुलिन बनवू लागतं. नाळ कापली की साखर येणं थांबतं, इन्सुलिन अंगात उरतं, आणि पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. बाळ सुस्त पडतं, थरथरतं. कधी वरून काहीच दिसत नाही. त्यासाठी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणी करतात. डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली तर थांबून चालत नाही.

पहिला उपाय आईजवळच असतो. तासाभरात बाळाला उघड्या छातीशी धरून पाजायचं, मग दर दोन-तीन तासांनी. पिवळसर चीक चमचाभरच निघतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. तो पिळून टाकून मध किंवा गुळाचं पाणी चाटवू नये. बाळ ओढत नसेल तर चीक वाटीत काढून चमच्याने पाजावा. तरीही साखर चढली नाही तर डॉक्टर वरचं दूध किंवा शिरेतून ग्लुकोज देतात. तेव्हाही छातीला लावणं सोडायचं नसतं.

गरोदरपणात साखर वाढलेल्या मातांना दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो, कारण दूध बनण्यातही इन्सुलिनचा वाटा असतो. नेमक्या याच दिवसांत ‘तुला दूधच नाही’ असं कुणीतरी बोलतं आणि घरात बाटली येते. कृपा करून हे बोलू नका. तिला जेवू घाला, झोपू द्या, बाळ पुन्हा पुन्हा तिच्याजवळ द्या.

पाजण्याचा फायदा आईलाही असतो: दूध बनवायला तिच्या रक्तातली साखर खर्च होते. कॅलिफोर्नियात गरोदरपणात मधुमेह झालेल्या सुमारे हजार मातांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. २०१५ साली आलेल्या त्या निष्कर्षात, जास्त काळ आणि जास्त प्रमाणात अंगावर पाजणाऱ्यांमध्ये पुढे मधुमेह जडण्याचं प्रमाण कमी दिसलं. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात तिथल्या आदिवासी आणि इतर मातांच्या नोंदींतही पाजण्याचा असाच संबंध आढळला.

आपल्याकडच्या माडिया, गोंड किंवा कोलाम आदिवासी आईचं दूधही चंद्रपूर शहरातल्या आईसारखंच बनतं. फरक दवाखान्याच्या वाटेचा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, मग बाळंतपणानंतर आईची साखर तपासायला वेगळी खेप कोण करणार?

याचं उत्तर मला गडचिरोलीतच दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळं सांभाळायला शिकवलं. त्याच कामातून पुढे, २०११ पासून, देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. त्यातली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. दीड महिन्याची लसही तेव्हाच, आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या आईची साखर पुन्हा तपासायची तीही सहाव्या आठवड्यात. आशाताईंनी आधीच सांगून ठेवलं आणि आई सकाळी उपाशीपोटी आली, तर लसीच्या ठिकाणीच तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी नर्सताई रक्त तपासू शकतात. १४० च्या आत आलं तरी वर्षातून एकदा तपासणी हवी. १४० ते १९९ म्हणजे धोका जवळ आलेला. २०० किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांकडे जावंच लागेल, पण इन्सुलिन सुरू झालं तरी पाजणं चालूच ठेवता येतं.